हायड्रोमीटरचा खिळा

मांजरसुंब्याच्या चौकात आमचं बॅटरीचं दुकान आहे. आमचं म्हणजे खरं तर उस्तादांचं. पण मी तिथं अठ्ठावीस वर्षं काढलीत, म्हणून ‘आमचं’ म्हणतो आणि आजवर त्याला कुणी हरकत घेतलेली नाही.

दुकानात शिरलं की उजव्या भिंतीला एक खिळा आहे. त्या खिळ्याला उस्तादांचा हायड्रोमीटर टांगलेला असायचा. काचेची जाड नळी, वरच्या टोकाला रबरी फुगा, आत तरंगणारा एक काटा आणि काट्यावर लाल, पांढरे, हिरवे पट्टे. फुगा दाबून सोडला की बॅटरीतलं पाणी नळीत चढतं आणि काटा कुठल्या रंगावर थांबतो त्यावरून बॅटरीचं ते घर, म्हणजे आतला तो कप्पा, जिवंत आहे की मेलंय ते समजतं. उस्तादांना तो त्यांच्या उस्तादांनी दिलेला. चौकात किती दुकानं आली, किती बुडाली, पण ती काच कधी फुटली नाही.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. पाने, पक्कड, चार्जर, सगळं धुऊनपुसून पोत्यावर मांडतो. पूजा झाली की उस्ताद तो हायड्रोमीटर उचलायचे, त्याला हळदकुंकू लावायचे, सगळ्यांसमोर माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, ‘धर.’ एवढंच. मग मी तो परत खिळ्याला लावायचो आणि पेढे वाटले जायचे. शेजारचा टायरवाला, समोरचा ढाबेवाला, सगळे बघायला असायचे. उस्तादांच्या नंतर गादीवर कोण, हे त्या एका शब्दानं चौकाला दरवर्षी पुन्हा कळायचं. त्या शब्दासाठीच मी वर्षभर राबायचो म्हणा ना.

चार वर्षांपूर्वी उस्तादांच्या घरी सून आली, उमापूरची. आयटीआय केलेली, तेही इलेक्ट्रॉनिक्समधून. नवरा, म्हणजे उस्तादांचा मुलगा, ट्रकवर. महिन्यातले चार दिवस घरी. उस्तादांची नजर तोवर साखरेनं गेलेली. ते दुकानात बाजेवर बसून असायचे आणि सून सकाळी त्यांना हाताला धरून घेऊन यायची. आधी नुसती सोबतीला आली. मग पावत्या लिहू लागली. मग एक दिवस गाड्यांच्या कॉम्प्युटरला जोडायचं मशीन घेऊन आली आणि काउंटरच्या कडेला ठेवलं. त्या दिवसापासून गिऱ्हाईक दुकानात शिरताना माझ्या खांद्यावरून पलीकडं बघू लागलं. ‘ताई हाय का?’

हे तीन शब्द मला किती टोचायचे ते सांगून कळणार नाही. मी पाना हातात घेऊन समोर उभा, माझ्या अंगावर ग्रीस, आणि समोरचा विचारतोय ताई आहे का.

ती वाईट वागली असती तर बरं झालं असतं. पण ती चहा ओतला की पहिला कप मला आणून द्यायची. ‘काका’ म्हणायची. काही अडलं तर उस्तादांच्या आधी मला विचारायची. मी तिच्यात खोट काढायला रोज टपून बसायचो आणि रोज काही न सापडता घरी जायचो. बायको म्हणायची, ‘तुमचं पोट दुखतंय, दुसरं काय न्हाई.’ खरंच होतं ते. मला त्या पोरीचा हेवा वाटायचा. तिच्या वयाचा, तिच्या मशीनचा, उस्ताद तिला ‘पोरी’ म्हणून हाक मारायचे त्या हाकेचासुद्धा.

एक गोष्ट मात्र माझ्याकडं होती आणि तिच्याकडं नव्हती. माझा कान. ट्रक येऊन थांबला की मी त्याच्याकडं पाठ करून उभा राहायचो आणि ड्रायव्हरला सांगायचो, मार सेल्फ. इंजिन फिरवणाऱ्या त्या मोटारीचा आवाज एकदा ऐकला की बॅटरीचं घर गेलंय, मोटारीचे कार्बन गेलेत की नुसती क्लॅम्प ढिली आहे, हे मी न बघता सांगायचो. ही विद्या उस्तादांची. त्यांनी मला भिंतीकडं तोंड करून उभं करून शिकवली. लांबलांबचे ड्रायव्हर खास तेवढं बघायला थांबायचे.

आता त्या गाडीचं सांगतो.

पितृपक्षाचे दिवस होते, काम थंड. दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. नवी हायब्रीड गाडी घेतली होती त्यांनी. समोरच्या ढाब्यावर जेवायला थांबल्या, गाडी बंद करून आत एसीचा पंखा आणि गाणी लावून फोनवर बोलत बसल्या, आणि आता गाडी उठेना. सून उठली तसं मी म्हणालो, ‘तू बस, मी बघतो,’ आणि केबल आणि सुटी बॅटरी घेऊन रस्ता ओलांडला.

बोनेट उघडलं. बॅटरी नाही. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, वाकून खाली बघितलं. नारिंगी रंगाच्या जाड वायरी होत्या, प्लॅस्टिकची झाकणं होती, पण बॅटरी कुठंच नव्हती. अठ्ठावीस वर्षांच्या बॅटरीवाल्याला बॅटरी सापडेना. डॉक्टरीणबाई विचारतायत, काय झालं, आणि मी उगाच एक झाकण काढतोय, परत बसवतोय.

पाठीमागून आवाज आला. ‘काका, तिची बॅटरी मागं डिक्कीत असती.’ पदर खोचून ती रस्ता ओलांडून आली होती.

मी डिक्कीकडं गेलो. डिक्की करंटवर उघडणारी, आणि करंटच नाही.

‘फ्यूजच्या डब्यात लाल टोपण हाय बघा,’ ती हळूच म्हणाली, डॉक्टरीणबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं. ‘तितं प्लस लावा. मायनस बॉडीला.’

लावलं. गाडीत दिवे लागले. तिनं डॉक्टरीणबाईंना ब्रेक दाबून बटण दाबायला सांगितलं. मी सवयीनं पाठ करून उभा राहिलो, सेल्फचा आवाज ऐकायला. ऐकतोय, ऐकतोय, काहीच नाही. मागं वळून म्हणालो, ‘मॅडम, दाबा की बटण.’

‘झाली की चालू, काका,’ सून म्हणाली.

समोर एक हिरवा दिवा लागला होता, बस. त्या गाडीत दोन बॅटऱ्या. मोठी बॅटरी गाडी ओढते, इंजिनही तीच फिरवते. डिक्कीतली बारकी फक्त कॉम्प्युटर जागा करते आणि मोठीला हाक देते. सेल्फ म्हणून वेगळी वस्तूच नाही. माझ्या कानाला तिथं काही कामच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना म्हणालो, तुम्ही जेवून घ्या, आम्ही दुकानात नेऊन बॅटरी तपासतो. गाडी आणली. आता डिक्की उघडत होती. तळाची फळी उचलली, कडेला बॅटरी दिसली. टर्मिनलला मीटर लावलं तर चौदा व्होल्टच्या वर दाखवलं. मी म्हणालो, ‘बॅटरी चांगली हाय. नुसती उतरली होती.’

‘काका, ते मोठीकडनं चार्जिंग येतंय म्हणून दाखवतंय,’ ती म्हणाली. ‘गाडी बंद करून थोडं थांबा. मग लोड लावून बघा.’

लोड टेस्टर तिच्या हातात तयार होता. त्यानं बॅटरीवर मुद्दाम भार टाकायचा आणि काटा किती खाली येतो ते बघायचं. मी तो घेतला नाही. गाडी बंद केली, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा हिरवा दिवा.

‘बघ. उठली का न्हाई पहिल्या झटक्यात?’

‘उठली म्हंजी चांगली असं न्हाई ना काका. हिला इंजन कुठं फिरवावं लागतं? जरासा करंट पुरतो तिला. एकदा बसली की मग उठायची न्हाई.’

तिचं बरोबर आहे हे मला ती बोलत असतानाच समजलं होतं. सेल्फ फिरला म्हणजे बॅटरी धड, हे ट्रकवाल्याचं गणित मी सेल्फ नसलेल्या गाडीला लावत होतो. समजलं, आणि म्हणूनच जास्त राग आला. ‘तू जन्मली नव्हतीस तवापासून बॅटऱ्या बघतोय मी,’ असं म्हणून मी डिक्की आपटली. तिनं लोड टेस्टर खाली ठेवला. बाजेवरच्या उस्तादांनी मान आमच्याकडं वळवली होती.

मी हात धुवायला मागं गेलो. तेवढ्यात डॉक्टरीणबाई घाईघाईनं आल्या. चौसाळ्याच्या पुढं मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसला होता, तिथून फोन आला होता. हिरवा घास जास्त खाऊन मेंढरं फुगली होती. किल्ली त्यांना सुनेनं दिली. ‘मॅडम, उद्या परत आणा, नीट बघू,’ असं ती म्हणाल्याचं मला आतून ऐकू आलं. त्या ‘बरं बरं’ म्हणत निघून गेल्या.

तासाभरानं दुकानाचा फोन वाजला. मी उचलला. डॉक्टरीणबाईच होत्या. वाड्यावर पोचल्या, गाडी बंद करून आधी मेंढरं बघायला धावल्या, औषधं काढायला परत आल्या तर गाडी मेलेली आणि डिक्की बंद. औषधाची पेटी आत. मेंढरं डोळ्यांदेखत तडफडतायत.

‘कुणी तपासली होती गाडी?’ त्यांनी विचारलं.

सून दोन पावलांवर क्लॅम्प घासत होती. मी म्हणालो, ‘सूनबाईनं.’

क्लॅम्प घासायचा आवाज थांबला.

दुकानाची जुनी जीप घेऊन आम्ही दोघं निघालो. चौसाळ्यापर्यंत ती बाहेर बघत बसली.  मनातल्या मनात मी वाक्यं जुळवत होतो, ‘मॅडम, गाडी मीच बघितली होती.’ चांगलं वाक्य होतं, छोटं. पोचल्या पोचल्या बोलून टाकायचं ठरवलं होतं मी.

वाडा रस्त्यापासून आत पडीक रानात होता. मी केबल घेऊन बोनेटकडं धावलो. ती मात्र सरळ मागच्या दारातून आत शिरली, मागची सीट आडवी पाडली, गुडघ्यांवर डिक्कीत रांगत गेली आणि औषधाची पेटी ओढून बाहेर दिली. माझा लाल चिमटा अजून टोपणावर बसायचा होता. माझ्या डोक्यात सीट आलीच नाही. अर्धं आयुष्य मी लोकांच्या गाड्यांत घालवलंय आणि मला सीट दिसली नाही.

दोन मेंढ्या तोवर गेल्या होत्या. बाकीची वाचली. गेलेल्या मेंढ्यांजवळ एक म्हातारी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. ती आमच्याकडं बघतही नव्हती.

डॉक्टरीणबाई हात धुऊन आल्या आणि सगळ्या वाड्यासमोर सुनेवर घसरल्या. ‘शिकून येता, मशिनी घेऊन बसता, आणि साधी एक बॅटरी तपासता येत नाही? यांच्या तोंडचा घास गेला तुमच्यामुळं.’

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. एकदाच. मग खाली मान घालून म्हणाली, ‘चुकलं मॅडम.’

मी केबल गुंडाळत उभा होतो. जुळवलेलं वाक्य तोंडातच राहिलं. मला लाज वाटली हे खरं आहे. पण त्याच्या आधी, अगदी पहिल्या क्षणाला, मला बरं वाटलं, हेही खरं आहे. ताई हाय का म्हणणाऱ्यांनी आता बघा म्हणावं ताईला.

तिथंच तिनं लोड लावला. काटा धाडकन लालमध्ये आला. बॅटरी गेलेलीच होती. त्याच मापाची एक साधी बॅटरी दुकानात होती, मी म्हणालो ती टाकू. ‘न्हाई काका,’ ती म्हणाली, ‘ही माणसं बसत्यात तितंच आत असती. साधीचा गॅस गाडीत कोंडंल. सीलबंद, नळीवाली लागती.’ यातही तिचंच खरं होतं. केबल लावून गाडी उठवली आणि तशीच दुकानात आणली. संभाजीनगरहून बॅटरी दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं आली.

बदलताना मी बघत उभा होतो. तिनं गाडी बंद केली, किल्ली लांब काउंटरवर ठेवली. आधी मायनस सोडला, मग प्लस, आणि सुटलेल्या प्लसला कापड गुंडाळलं. गॅस बाहेर सोडणारी बारीक नळी जुन्या बॅटरीतून काढून नवीत बसवली, दोनदा ओढून बघितली. टर्मिनल कसायच्या आधी तिनं त्याच्यावरून अंगठा फिरवला. ही लकब उस्तादांची. अंगठा फिरवल्याशिवाय ते क्लॅम्प बसवायचेच नाहीत. मला ती इतक्या वर्षांत लागली नाही. आणि ही आली तेव्हा उस्तादांचे डोळे गेलेले होते, त्यांनी तिच्यासमोर क्लॅम्प बसवलेलाही नव्हता. मग तिच्या बोटात हे आलं कुठून? त्या अंगठ्यावर मी आठवडाभर जळत होतो.

डॉक्टरीणबाई गाडी न्यायला आल्या. तिच्याशी बोलल्या नाहीत. जाताना नमस्कार केला तो मला.

पंधरा दिवस उस्ताद मला त्याबद्दल काही म्हणाले नाहीत. सूनही नाही. ती चहाचा पहिला कप तसाच आणून द्यायची. खंडेनवमी जवळ येत होती आणि मला झोप लागत नव्हती. हायड्रोमीटर यंदा तिच्या हातात गेला तर चौकातून मान वर करून चालायची सोय राहिली नसती.

खंडेनवमीला पोतं अंथरलं, हत्यारं मांडली. टायरवाला आला, ढाबेवाला आला. उस्तादांनी चाचपडत हायड्रोमीटर उचलला, हळदकुंकू लावलं आणि चेहरा फिरवला. मी श्वास धरून उभा.

‘कुठं हायेस बे? धर.’

माझ्याच हातात दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मी आधी तिच्याकडं बघितलं. तिचं तोंड पडलेलं मला बघायचं होतं. ती खाली बसून आपल्या मशीनला कुंकू लावत होती. तिचं इकडं लक्षच नव्हतं.

मी खिळ्याकडं वळलो. उस्तादांनी माझा दंड धरला.

‘तितं नको लावू. घरी घेऊन जा.’

‘कावून, उस्ताद?’

ते अगदी हळू बोलले, माझ्यापुरतं. ‘डोळे गेलेत माजे. तिनं लोड लाव म्हणलेलं मी ऐकलंय. फोनवर तू काय बोललास, ते बी ऐकलंय.’ मग दंड सोडला आणि मोठ्यानं म्हणाले, ‘पेढे वाटा रे.’

चौकाला वाटलं, उस्तादांनी यंदा हायड्रोमीटर कायमचाच मला दिला. खिळ्यावरून काढला म्हणजे गादीवरून काढला, हे मला एकट्यालाच कळलं. टायरवाल्यानं पाठीवर थाप मारली. मी तो टॉवेलात गुंडाळून घरी नेला आणि कपाटात सगळ्यात मागं ठेवला. बायकोनं विचारलं, तर म्हणालो, उस्तादांनी दिलाय मला.

दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचे ट्रॅक्टर यायला लागतात. निघायच्या आधी सगळ्यांना बॅटरी बघून घ्यायची असते, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. असाच एक ट्रॅक्टर लागला होता. सून माझ्याकडं आली.

‘काका, हिची बॅटरी लोडवर पडतीय, पण कोणतं घर गेलंय ते कळंना. तुमचा हायड्रोमीटर कुठं हाय? मला बघायला शिकवा की. लई दिवसांपास्नं विचारायचं होतं.’

तुमचा, म्हणाली. आणि शिकवा म्हणाली. तिच्या मशीनला येत नव्हतं ते मला येत होतं, आणि ती मागायला आली होती. घर दोन गल्ल्या पलीकडं. मी दहा मिनिटांत घेऊन आलो असतो. शिकवलं असतं, तर ती माझीही शिष्य झाली असती.

‘फुटला,’ मी म्हणालो.

‘अगं बया,’ ती म्हणाली. ‘मामास्नी सांगितलं का?’

‘न्हाई.’

मामा म्हणजे उस्ताद. तीन हातांवर बाजेवर बसले होते. त्यांनी ऐकलं असणारच.

आठवड्यानं तिनं बीडहून नवा हायड्रोमीटर आणला, प्लॅस्टिकचा. माझ्याकडं आली नाही. मला वाईट वाटू नये म्हणून आली नसेल. सरळ बाजेपाशी गेली. समोर ट्रॅक्टरची बॅटरी ठेवली, सहाही झाकणं काढली आणि म्हणाली, ‘मामा, आता तुमीच सांगा.’

मी दारात एका ट्रकची क्लॅम्प आवळत होतो. मी पाठ फिरवली.

‘फुगा आधी दाब, मग नळी पाण्यात सोड,’ उस्ताद सांगत होते. ‘घाई नको. काटा कडंला चिकटला तर खोटं सांगतो, त्याला मोकळा तरंगू दे. वरनं वाकून बघू नको. डोळा पाण्याच्या बरोबरीनं आण.’

शब्द न् शब्द तोच. मला शिकवताना त्यांनी माझं डोकं धरून खाली केलं होतं, डोळा पाण्याच्या बरोबरीनं येईपर्यंत.

‘आता रंग तू सांग. मला दिसत न्हाई.’

‘हिरवा,’ ती म्हणाली. मग, ‘हिरवा.’ मग, ‘हाही हिरवाच हाय, मामा.’ चौथ्या घराला ती थांबली. ‘लाल.’

‘आण इकडं,’ उस्ताद म्हणाले.

त्यांनी नळी चाचपली असेल, कारण प्लॅस्टिकवरून बोटं फिरल्याचा बारीक आवाज आला. साधा मंगळवार होता. कुंकू नव्हतं, पेढे नव्हते, बघायला चौक जमलेला नव्हता. मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो, हातातला पाना थांबलेला, आणि मागं काय चाललंय ते मला न बघता कळत होतं.

‘धर,’ उस्ताद तिला म्हणाले.